सुपडू मिस्त्रीची राख

कापसाच्या जिनात काम करणाऱ्या माणसाला दोन गोष्टी चिकटतात, एक रुई आणि दुसरे किस्से. रुई संध्याकाळी धोतर झटकलं की निघून जाते. किस्से जात नाहीत. ते एकमेकांना धरून बसतात, आणि एक ओढला की मागून चार येतात.

परवा वाचनालयात मास्तर मोठ्याने पेपर वाचत होते. लढाई चालली आहे त्या इटलीत एका डोंगराने पुन्हा आगीचं तोंड उघडलंय आणि आपल्याकडचे शिपाई तिथे तंबूवरची राख झाडत बसलेत, अशी बातमी होती. सगळे चुकचुकत होते आणि मी हसत होतो. मास्तर रागावले. म्हणाले, "अप्पा, तिथे गावं जळाली, आणि तुम्हाला हसू येतं?"

आता त्यांना काय सांगणार? त्या डोंगराचं नाव निघालं की मला सुपडू मिस्त्रीचा दहावा आठवतो. सांगायचंच तर पहिल्यापासून सांगायला लागेल, तेव्हा जरा ऐसपैस बसा.

* * *

मी तेव्हा नंदुरबारला चुनीलाल शेठच्या जिनात काट्यावर होतो. कापसाच्या गाड्या आल्या की वजन करायचं माझं काम. सुपडू इंजिनाचा मिस्त्री, आणि इब्राहिमभाई बॉयलरवर. दुपारी आम्ही तिघं बॉयलरच्या मागे निंबाखाली भाकर खायला बसायचो. गावातली कुठलीही भानगड आधी त्या निंबाखाली तपासली जायची, मगच पुढे जायची.

सुपडूचा कान भारी. भाकरीचा घास तोंडात असताना म्हणायचा, "कोपराना चरखाना पट्टा ढिला शे." जाऊन बघावं तर पट्टा ढिलाच. पण याच कानाला घरातलं काही ऐकू येत नसे. घरात दोन बायका, आई गंगामाय आणि बायको सोनाई. गंगामायच्या कंबरेला किल्ल्यांचा जुडगा असायचा. धान्याची कोठी, तेलाची बरणी, गुळाचा डबा, सगळं कुलपात. भांडी घासायची चिंचसुद्धा.

सोनाई शहाद्याची. तिला तांब्यात तोंड दिसलं पाहिजे, नाहीतर ती त्यातलं पाणी प्यायची नाही. एकदा तिने तांबा घासायला चिंच मागितली. गंगामाय म्हणाली, "चिंच खावाले ऱ्हास, घासाले नही." त्या दिवसापासून चूल एक आणि तोंडं दोन दिशांना. सोनाईचं म्हणणं सरळ होतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, स्वतःच्या घरात चिमूटभर चिंचेसाठी हात पसरायचा का? तिने नवऱ्याला सांगितलं, आईशी बोला. सुपडू म्हणाला, उद्या बोलतो. त्याचा हा उद्या सगळा पावसाळाभर चालला.

* * *

तेवढ्यात शेठने विलायतेहून नवं इंजिन आणायचं ठरवलं. शेठचा कागदांवर विश्वास नव्हता, सुपडूच्या कानावर होता. त्याने सुपडूला ऑफिसात बोलावलं आणि विचारलं, "विलायतला येशील का?" सुरतेला जायचं म्हटलं तरी ज्याचं पोट बिघडायचं, त्या सुपडूने शेठचं बोलणं पुरं व्हायच्या आत होकार दिला.

इब्राहिमभाई म्हणाला, "सास-बहू के झगडे से लोग मस्जिद में जाके बैठते हैं. ये विलायत जा रहा है."

आईला त्याने सांगितलं, पण बायकोला सांगायची हिंमत पठ्ठ्याला झाली नाही. गाडी सुटल्यावर निरोप द्यायचं काम माझ्या गळ्यात घातलं. मी गेलो तेव्हा सोनाई अंगणात तांबा घासत होती. तिने सगळं ऐकलं, तांबा पालथा घातला आणि गाठोडं बांधलं. दारात उभी राहून म्हणाली, "त्या किल्ल्या सासूबाईन्या कंबरवरथून निंघतीन, तवयच मी ह्या घरमा येसू."

आतून गंगामाय म्हणाली, "मी मरसू तवयच निंघतीन."

सोनाई शहाद्याला बापाकडे गेली. गंगामायने कोठीला कुलूप लावलं. आणि ज्याच्यासाठी हे चाललं होतं, तो बोटीच्या कठड्याला धरून उलट्या करत होता.

* * *

काही महिन्यांनी जिनात एक पोस्टकार्ड आलं. एका बाजूला रंगीत चित्र, समुद्रकाठी डोंगर आणि त्याच्या टाळूतून निघालेला लालभडक जाळ. दुसऱ्या बाजूला शेठचं अक्षर. इंजिन घेतलं, परतीच्या वाटेवर नेपल्स बंदरात हा आगीचा डोंगर बघितला, जगभरचे लोक मुद्दाम बघायला येतात, सुपडू बरा आहे, आता वाटेत मिसर देशात उतरून तिथला कापूस बघून मग येतो.

इब्राहिमभाईने चित्र जवळ धरून बघितलं, लांब धरून बघितलं. त्याच्या आयुष्यात धूर म्हणजे चिमणी. त्याने गंभीरपणे विचारलं, "इतनी बडी चिमनी. कोयला कौन डालता है?"

मुनीमजींनी ते कार्ड ऑफिसात टांगलं खरं, पण त्यांना चैन पडेना. कापसाच्या घरात आगीचं चित्र! दुसऱ्या दिवशी बघतो तर चित्राच्या बरोबर खाली वाळू भरलेली लाल बादली टांगलेली. पुढे बरीच वर्षं ती बादली तिथेच होती.

* * *

डोंगरावर काय काय झालं ते सुपडूने परत आल्यावर निंबाखाली सांगितलं. हो, तो परत आला, काळजी करू नका. पण ते इथेच ऐकलं तर पुढचं नीट समजेल.

जिनची एक रीत आहे. गेटवर आलं की खिशातली काडीपेटी आणि विडी चौकीदाराकडे द्यायची, संध्याकाळी परत घ्यायची. कापसात एक ठिणगी म्हणजे सगळ्यांची चूल बंद. पंधरा-वीस वर्षं रोज हेच केलेला माणूस त्या डोंगराच्या पायथ्याशी गेला. वर धूर निघतोय, जमीन गरम लागतेय, गंधकाचा वास येतोय. सुपडूचा हात आपोआप खिशात गेला. काडीपेटी आणि विडीचा कट्टा काढून त्याने गाईडच्या हातावर ठेवला आणि अदबीने बाजूला उभा राहिला.

गाईडला वाटलं, बक्षीस आहे. त्याने तिथेच एक विडी पेटवली आणि ती ओढत ओढत पुढे निघाला. सुपडू घाबरून त्याच्यापासून चार हात लांब चालत राहिला. आम्हाला सांगताना म्हणाला, "इतला मोठा कारखाना, आनि चौकीदारच विडी पेस."

* * *

डोंगरावर चढायला दोरावर ओढली जाणारी गाडी होती. शेठ तिकीट काढून त्यात बसला. सुपडू बसेना. आपल्याकडे दिवाळीत अस्तंब्याच्या डोंगरावर जातात ते पायी जातात, तेही अनवाणी. सुपडू दोनदा जाऊन आलेला. डोंगरावर बसून जायचं नसतं, हे त्याच्या हाडात होतं. शेठने शिव्या घातल्या तरी हा बूट गळ्यात अडकवून चालत निघाला. थोड्याच वेळात राख अशी तापलेली लागली की त्याने बूट घातले. स्वतःच्या दोन्ही गालांवर मारून देवाची माफी मागितली, आणि वर पोचला तोवर शेठचं दोनदा सरबत पिऊन झालं होतं.

वर गेल्यावर त्याने थैलीतून तेलाची बाटली काढली. अस्तंब्याचा अश्वत्थामा कपाळावरच्या जखमेला तेल मागत रानोमाळ फिरतो, म्हणून आपल्याकडचे लोक डोंगरावर तेल वाहतात. गंगामायने निघताना तिळाच्या तेलाची बाटली दिली होती, कुलपातून काढून, स्वतःच्या हाताने, गळ्याला लाल दोरा बांधून. डोक्याला लाव म्हणाली होती. सुपडूने डोंगराचं ते भाजलेलं तोंड बघितलं आणि त्याला दया आली. त्याने सगळं तेल तिथे ओतलं.

आजूबाजूचे गोरे लोक बघत राहिले. एका साहेबाने शेठला विचारलं, हा काय करतोय? शेठ इंग्रजीत म्हणाला, "इंजिनिअर आहे. तो कुठल्याही मशीनला आधी तेल देतो."

* * *

आता खरी गोष्ट. शेठ आणि सुपडू कित्येक आठवडे उकडलेल्या बटाट्यावर होते. नेपल्सच्या बाजारात सुपडूला वांगी दिसली, तीही भरताची, मोठी. त्याने थैली भरून घेतली. आपल्याकडे वांगी कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्यांवर भाजतात, तिथे हॉटेलात भाजायची सोयच नव्हती. डोंगरावर गाईडने गरम राखेत अंडी पुरून भाजून दाखवली, तेव्हा सगळ्या मडमांनी टाळ्या वाजवल्या. सुपडूने टाळ्या नाही वाजवल्या. त्याने मुकाट्याने खड्डा उकरला आणि वांगी पुरली.

खानदेशी माणसाला जगात कुठेही आग दिसली की पहिली आठवण वांग्याची येते, यात त्याची काही चूक नाही.

वांगी फुटून रस गळायला लागल्यावर त्याने ती देठाला धरून सोलली. दोन-चार देठ तुटून राखेत पडले, ते तिथेच राहिले. सपाट दगडावर दुसऱ्या दगडाने वांगी ठेचली, घरून नेलेल्या डब्यातली मिरची आणि लसूण घातला, वर कच्चा कांदा चिरला. चुनीलाल शेठ म्हणजे नंदुरबारात कांद्याच्या गाडीवरून वारा आला तर नाकाला रुमाल लावणारा माणूस. त्याने आजूबाजूला बघितलं आणि मांडी घातली. खाऊन झाल्यावर हात चाटत म्हणाला, "सुपडू, आ वात नंदुरबार न पहोंचवी जोइए."

एका मडमेने कौतुकाने बोटभर भरीत चाखलं. तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या. गाईडने तिला समजावलं की डोंगराच्या धुराने असं होतं.

मी सुपडूला विचारलं, "चव कशी व्हती?"

तो म्हणाला, "चांगली व्हती. पन पऱ्हाट्यांवरनी सर नही."

* * *

उतरताना पायथ्याशी दुकानं होती. डोंगराचा दगड, दगडात दाबलेली नाणी, दगडाचे दागिने, रंगीत बाटल्यांत भरलेली राख. लोक हे सगळं विकत घेऊन आपापल्या घरी पाठवत होते. शेठने शेठाणीसाठी काळ्या दगडात कोरलेला एक पिनचा दागिना घेतला. सुपडूने स्वतःजवळचा एक पैसा गाईडला देऊन गरम दगडात दाबून घेतला, तेवढा त्याच्यासाठी पुरे होता.

राख विकत घेणं मात्र त्याला पटेना. पण भरताच्या खड्ड्यातल्या राखेने त्याने सहज आपल्या पितळी पेल्याचं बूड घासून बघितलं होतं, आणि ते आरशासारखं निघालं होतं. तेव्हा त्याला सोनाई आठवली. आईशी बोलायची ताकद आपल्यात नाही, हे त्याला माहीत होतं. पण बायकोला निदान चिंच मागायला लागू नये, एवढं तरी करू. तेलाची बाटली रिकामी झालीच होती. त्याने खड्ड्यातली राख तिच्यात दाबून भरली.

हॉटेलवाल्याने लाकडी पेटीत बाटली बंद केली, शेठने वर शहाद्याचा पत्ता लिहिला, कारण सोनाई माहेरी गेल्याचं मुनीमजींनी विलायतेला कळवलं होतं. सुपडू म्हणाला, सोबत दोन ओळी लिहा ना. शेठला बोट गाठायची घाई होती. तो म्हणाला, "बाटली बघून कळेल तिला."

* * *

एकाच टपालाने दोन्ही पार्सलं आली. शेठाणीच्या दागिन्यावर एक दाढीवाला म्हातारा कोरलेला होता. तिने तो उलटासुलटा करून बघितला आणि मुनीमजींना विचारलं, "आ भाई कोण छे?" मुनीमजींना माहीत नव्हतं. ओळख ना पाळख, असा पुरुष छातीवर लावून कशी फिरणार? तिने तो देवघराच्या मागच्या फडताळात ठेवून दिला, तोंड भिंतीकडे करून.

दुसरं पार्सल शहाद्याला गेलं. सोनाईने पेटी घेतली, आत गेली, दार लोटलं. बऱ्याच वेळाने बाहेर आली. तिने बाटली ओट्यावर ठेवली आणि गुडघ्यात डोकं घालून बसली. तिने एक शब्द उच्चारला नाही, हे लक्षात ठेवा. जे बोलले ते लोकच बोलले.

परदेशातून आलेली बाटली, नवऱ्याच्या नेहमीच्या तेलाची, आत राख, सोबत चिठ्ठी नाही. शहाद्यातल्या शहाण्या माणसांनी दोन आणि दोन मिळवायला वेळ लावला नाही. कुणी म्हणालं, गोरे लोक तर पुरतात. दुसरा म्हणाला, पण शेठ आपला माणूस, त्याने रीतीने जाळलं असणार. बिचाऱ्याला लिहायचं तरी कसं सुचणार?

संध्याकाळपर्यंत नंदुरबारला बातमी आली. गंगामायला घेऊन मी बैलगाडीने शहाद्याला गेलो. लेकाला काही झालं यावर तिचा विश्वासच नव्हता. "मन्हा आंडोरले काय व्हवाव नही," म्हणत होती सगळ्या वाटेने. ओट्यावर बाटली दिसली, तिच्या गळ्याचा लाल दोरा दिसला, आणि म्हातारी खाली बसली. "हाऊ दोरा मीच बांधेल शे," एवढंच बोलली.

मीही रडलो, लाजायचं काय त्यात? पेढीवरून शेठला तार करायची म्हटलं, तर मिसरात कुठे करणार? मुनीमजी म्हणाले, मुलूख केवढा, आणि पत्ता कुणाकडे?

म्हाताऱ्या बायका सोनाईच्या बांगड्या फोडायला आल्या. तिने हात मागे घेतले. "शेठ येई, मन्हा तोंडवर सांगी, मंग पाहू," म्हणाली. कुणी म्हणालं, बिचारीला धक्का बसलाय. कुणी म्हणालं, पहिल्यापासून हट्टीच. पण तिच्या कपाळाचं कुंकू कुणाला पुसता आलं नाही.

* * *

राख प्रकाशा गावी नदीत सोडायची ठरली, कारण ते दोन्ही गावांच्या मध्ये, आणि तापीकाठी याहून मोठं तीर्थ आमच्याकडे नाही. राख सोनाईनेच सोडली, स्वतःच्या हाताने, कुणाला बाटलीला हात लावू न देता. दहाव्याला घाटावर पिंड ठेवला. अर्धं जिन आलं होतं. गंगामाय त्या दहा दिवसांत निम्मी झाली होती, तिच्याकडे बघवत नव्हतं.

कावळा काही शिवेना. समोरच्या झाडावर बसलेला, आमच्याकडे बघत होता, पण खाली येत नव्हता. मृताची काहीतरी इच्छा राहिलीय, असं ब्राह्मण म्हणाला. मग सुरू झाली चढाओढ. इब्राहिमभाई म्हणाला, "तेरे इंजन को रोज तेल दूँगा." कावळा हलला नाही. मी विडीचा कट्टा पिंडाशेजारी ठेवला. नाही. मुनीमजी म्हणाले, नव्या इंजिनाला तुझ्याच हातचा हार घालू, म्हणजे तुझ्या नावाचा. ते बोलताना त्यांचाच गोंधळ झाला, आणि कावळ्याने मान फिरवली.

शहाद्याचा एक पाहुणा म्हणाला, खानदेशी माणूस, भरताची इच्छा राहिली असेल. त्याबरोबर सोनाईने झटकन पदर तोंडाला लावला आणि तिचे खांदे हलायला लागले. आम्हाला वाटलं, हुंदका आला. बायका तिच्या पाठीवरून हात फिरवायला लागल्या.

ऊन चढलं. शेवटी गंगामाय उठली. कंबरेचा जुडगा सोडताना गाठ सुटेना, पण तिने कुणाला मदत करू दिली नाही. जुडगा सोनाईच्या ओटीत टाकून म्हणाली, "ले पोरी. ह्यासमाच त्याना जीव अटकेल शे." मग झाडाकडे तोंड करून म्हणाली, "घरन्या बठ्ठ्या किल्ल्या सोनाईले दिध्यात. आते तरी शिव रे बा."

कावळा उतरला आणि पिंडाला शिवला.

अख्ख्या घाटाच्या अंगावर काटा आला. सोनाई मात्र कावळ्याकडे बघत नव्हती, सासूकडे बघत होती. त्याच दिवशी ती आमच्याबरोबर नंदुरबारला आली, आणि गाडीत सगळ्या वाटेने तिने म्हातारीचा हात धरून ठेवला होता. असं याआधी कधी घडलेलं मी पाहिलं नव्हतं.

* * *

त्यानंतर थोड्याच दिवसांत शेठ कामासाठी सुरतेला मागे थांबला आणि सुपडू एकटाच तिथल्या गाडीने नंदुरबारला उतरला. डोक्यावर टोपी, पायात बूट, हातात ट्रंक. स्टेशनावर टपालाची थैली घ्यायला पोस्टमन उभा होता. थैली टाकून पळाला. टांगेवाला घोड्यापेक्षा जास्त बिथरला. सुपडूला काही समजेना, म्हणून तो घरी न जाता आधी जिनात आला.

इब्राहिमभाईने त्याला बघितलं. तो ओरडला नाही की पळाला नाही. हातातलं फावडं आडवं धरलं आणि म्हणाला, "पहले पाँव दिखा."

"काबरं?"

"बूट उतार."

भुताचे पाय उलटे असतात. सुपडूने बूट काढले, मोजे काढले. इब्राहिमभाईने वाकून दोन्ही पाय तपासले आणि मग त्याला छातीशी धरलं.

सुपडूने विचारलं, "व्हयनं काय? कोन मरी गयं?"

मी म्हणालो, "तू."

घरी गंगामायने त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि कितीतरी वेळ सोडलंच नाही. सगळं आवरल्यावर पानं मांडली. लेकाला तूप वाढायला म्हातारीचा हात सवयीने कंबरेला गेला. तिथे काही नव्हतं. ती सोनाईकडे बघत राहिली. सोनाई उठली, स्वतःच्या कंबरेची किल्ली काढली, तूप आणलं आणि पहिली धार सासूच्या पानात वाढली.

चार दिवसांनी गंगामाय हळूच ब्राह्मणाकडे जाऊन आली. लेक तर जिवंत निघाला, मग दिलेला शब्द परत घेता येतो का, असं तिने विचारलं.

ब्राह्मण म्हणाला, "शब्द कावळ्याला दिला होता, सुपडूला नाही."

* * *

पैसा दाबलेला तो दगड सुपडू वर्षानुवर्षं येईल त्याला दाखवायचा. एकदा जमिनीची पाहणी करणारा कुणी साहेब जिनात आला. सुपडूने त्याच्या हातात दगड दिला. साहेबाने तो बघितला, मग वाकून जिनच्या पायरीचा दगड बघितला, आणि मुनीमजींना इंग्रजीत काहीतरी सांगितलं. मुनीमजींनी मराठीत सांगितलं ते असं. हजारो वर्षांपूर्वी नाही, त्याहून कितीतरी जुन्या काळी आपला हा सगळा मुलूख, सातपुडा धरून, अशाच आगीच्या रसाचा झालेला आहे. तुझ्या हातातला दगड आणि ही पायरी, दोघांचं गोत्र एकच.

सुपडू पायरीवर बसला. म्हणाला, "मंग मी बोटमा उलट्या कसाले कऱ्यात?"

* * *

गंगामायला जाऊन आता दोन-तीन वर्षं झाली. शेवटपर्यंत सोनाईने तिचं सगळं केलं. म्हातारीचं गुळाशिवाय चालत नसे, तर गुळाचा डबा तिच्या उशाशी असायचा, बिनकुलपाचा.

गेल्या दिवाळीत मी सुपडूकडे गेलो. तो तेलाची बाटली घेऊन अस्तंब्याला गेला होता. सोनाई अंगणात भांडी घासत होती. सगळी चिंचेने घासून झाल्यावर तिने एक तांबा वेगळा काढला. एका छोट्या डबीतून चिमूटभर राख घेतली, अगदी जपून, आणि तांब्यावर फिरवली. तांबा असा निघाला की मला माझ्या मिशा दिसल्या.

मी विचारलं, "हाई कसानी राख शे, वहिनी?"

"त्या डोंगरनी. ह्यासनीच तर धाडेल व्हती."

मी हसलो. मग हसता हसता थांबलो.

"मंग प्रकाशाले नदीमा काय सोडं?"

"चूलनी," सोनाई म्हणाली आणि तांबा विसळायला लागली.

मी ओट्यावर बसलो. तो घाट आठवला, ते झाड, गंगामायच्या जुडग्याची न सुटणारी गाठ, आणि तोंडाला लावलेला तो पदर. मी विचारलं, "वहिनी, तुले कवय समजनं?"

तिने हात पुसले. कंबरेचा जुडगा काढला, आतलं फडताळ उघडलं आणि कुंकवाच्या डबीतून काहीतरी काढून आणलं. सुकलेलं, काळं, बोटाच्या पेराएवढं. तिने ते माझ्या तळहातावर ठेवलं.

वांग्याचा देठ होता.